गोड होईपर्यंत

मागावर कापड विणणाऱ्यांनी संप केला आणि सरकारने वस्तीच्या नळाला येणारा अन्नरस बंद करून टाकला. पोरं भुकेनं रडायला लागली की संप आपोआप मोडेल, असा सरकारचा होरा होता. भाकरी तर कुणालाच पचत नव्हती. जन्मल्याबरोबर जिभेवर पडणाऱ्या सरकारी थेंबाने पीठ फोडून त्याची साखर करायची शरीराची ताकदच जायची.

सुगंधा सुकून काडी झाली होती, पण तिची वर्षाची ओवी मात्र गुटगुटीत होती. म्हणूनच आज निरीक्षक घरात शिरला होता. त्याने आधी सुगंधाची लाळ तपासली, मग ओवीची. दोघींचीही निकामी.

"मग हिला भरवता तरी काय?"

सुगंधाने वाटी पुढे केली. आतल्या भाकरीच्या लगद्यावर त्याने आयोडीन टाकलं. पिठाचा निळा रंग उमटला आणि बघता बघता विरून गेला; वाटीत पिठाची साखर होत होती.

"हे कुणी फोडलं?"

कोपऱ्यात गोदूआत्या भाकरी चावत बसली होती. तिचा जन्म थेंब निघायच्या आधीचा. घास गोड लागेपर्यंत ती चावायची आणि मग वाटीत काढायची. तिच्या आईनं तिला असंच भरवलं होतं. दाराबाहेर गल्लीतल्या बायका आपापल्या वाट्या घेऊन थांबल्या होत्या.

"उद्या येऊन तुमच्याही जिभेवर थेंब टाकतो," निरीक्षक म्हणाला.

आत्याने तोंडातला घास सावकाश वाटीत काढला.

"ये की," ती म्हणाली. "पर बोटं जपून घाल. दात अजून शाबूत हाईत माझं."