घरचा अडुळसा

पाळणा म्हणून झाला आणि सासूबाई रबरी हातमोजा चढवून काढ्याची वाटी घेऊन आल्या. बाळंतीण वत्सला पाळण्याला खेटून उभी राहिली.

अंगणातला अडुळसा प्रयोगशाळेने दळव्यांच्या रक्तावर बेतून दिलेला होता. दळव्यांचा खोकला तो एका घोटात पळवायचा, आणि परक्या रक्ताचं माणूस त्याच घोटाने मरायचं. म्हणून या घरात सुनांनी खोकला अंगावरच काढायचा, आणि म्हणूनच बारशाला बाळाच्या जिभेवर एक थेंब ठेवायचा.

"बघू तरी आमचा दळवी," सासूबाई लाडाने म्हणाल्या आणि पाळण्यावर वाकल्या.

बाळ दळव्यांचं नव्हतं. हे एकट्या वत्सलेला ठाऊक होतं. वाटी रिकामी झाली की बाळ वाचलं, एवढंच तिला सुचलं. तिने वाटी हिसकावली आणि सगळा काढा पिऊन टाकला.

पाळण्याची दोरी धरून ती खाली कोसळली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग बाळाकडे पाहिलं, आणि हातमोजा नीट ओढून घेतला.

"नलू," त्या थोरल्या सुनेला म्हणाल्या, "गॅसवरच्या पातेल्यात आहे अजून. वाटी भरून आण."