अठरावं चुंबक

ओळीने नववा सामना हरल्यावर ऑस्ट्रेलियातल्या एका गावच्या फुटबॉल क्लबाची समिती बसली; तिथल्या फुटबॉलमध्ये संघ अठरा जणांचा. अर्ध्या हंगामातच कोच मर्व्हला काढायचं का? दोघांनी हो म्हटलं, दोघांनी नाही. ‘हो’ म्हणणाऱ्यांत अध्यक्ष ग्लेनिस होती, मर्व्हची सख्खी बहीण. पाचवं मत खुद्द मर्व्हचं. “ताई, मी बाहेर थांबू?” “गप बस. गेलास तर पाच जण भरत नाहीत, सभाच रद्द होते.” फळ्यावर शनिवारच्या संघाच्या नावांची चुंबकं होती, वर कोच, खाली खेळाडू. मर्व्हने सगळ्यात वरच्या स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. “हा माणूस संघाला बुडवतोय,” म्हणाला आणि काढायच्या बाजूने हात वर केला. मग चुंबक उचललं. ग्लेनिसला वाटलं, खिशात घालेल. त्याने तळाच्या रिकाम्या जागी लावलं. “दोघं खेळाडू मेंढ्या कातरायच्या कामावर चाललेत, सतराच उरतात. अठरावा मी, गुडघा बांधून. कोच हो म्हणेल ना?” ग्लेनिसने वरची रिकामी जागा पाहिली. हो म्हणायला कोचच नव्हता.