जमुनाबाईची हाक

आमच्या गोंदियात कोणाचा बाप मुलीला एकटीनं शाळेत धाडत नाही. म्हणून शाळेच्या कमिटीनं जमुनाबाईला ठेवलंय. ती रोज दारोदार हाका मारते, साऱ्या पोरींना गोळा करून शाळेत पोचवते आणि वाटेत कोणी शिट्टी मारली तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते! या कामावर तिचा भारी जीव.

काल तिची मुलगी राजकुमारी, माझ्याच वर्गातली, रडकुंडीला येऊन म्हणाली, "बिडी कारखान्यातून मायले बलावणं आलं. दुप्पट पगार हाय. माय इचार करून राहिली."

जमुनाबाई गेली म्हणजे शाळा गेली, आणि शाळा गेली म्हणजे लग्न! आम्ही दोघी एकमेकींचे हात घट्ट धरून घरी आलो.

आज सकाळी दप्तर कवटाळून दाराशी बसले, तर गल्ली चिडीचूप. बाबा म्हणाले, "आता बस घरी."

तेवढ्यात हाक आली, "चला वो पोरीहो! निजल्या का मेल्या?"

मी उडीच मारली. "जमुनाबाई! तुमी कारखान्यात नाही गेल्या?"

"काऊन जाऊ? मंग तुमाले कोण नेईल, तुहा बाप?"

साऱ्या पोरी खिदळल्या. मी टाळी द्यायला राजकुमारीला शोधू लागले. ती कुठंच दिसेना.

"राजकुमारी नाही आली?"

जमुनाबाई पुढच्या दाराकडे वळली. "घरात पैसा तं पायजेच ना पोरी. माह्या जागेवर तिले धाडली."