दारातल्या गप्पा आणि कीटोची हवा

प्राजक्ताआजींच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सध्या कीटोची हवा होती. लेकीचं बाळंतपण तिकडे, इक्वेडोरच्या त्या डोंगरमाथ्यावरच्या राजधानीत व्हायचं होतं आणि घरात विरळ हवेचा सराव पुरा केल्याशिवाय विमानात कुणी बसू देत नव्हतं. भिंतीवरचं यंत्र हवा पातळ करी. दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं, की सराव पुन्हा पहिल्यापासून.

तसं दोनदा झालं होतं. पाहुणे घरात मुकाट चहा पीत, “येतो हं” म्हणून उठत आणि दारात उभं राहून खऱ्या गप्पांना सुरुवात करत. लेकीचे दिवस भरत आले होते.

आज नणंद सोनल उठली. एक पाऊल बाहेर, एक आत.

“अगं वहिनी, मुख्य सांगायचं राहिलंच!”

यंत्र कण्हू लागलं.

“वन्सं, आत की बाहेर?”

“ही काय, निघालेच. फक्त एवढंच, की...”

आजींनी तिला दंडाला धरून आत ओढलं, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

“अहो,” त्यांनी नवऱ्याला हाक मारली, “आणखी एक तिकीट काढा. वन्सं उरलेलं कीटोत सांगतील.”