शेगडीचा नकार

शेगडी पेटायला तयार नव्हती. बटणाला लागलेल्या बोटावरून माणसाचं हृदय तपासणाऱ्या त्या नव्या शेगडीने शशिकलाबाईंना तिसऱ्यांदा बजावलं, "बाई, आधी दवाखाना."

"अगं, पित्त आहे ते," बाई जबडा चोळत म्हणाल्या. "आमच्या माहेरी सगळ्यांनाच असतं."

"म्हणूनच सांगतेय. तुमची आई आणि मावशी पन्नाशीत त्याच पित्ताने गेल्या."

सत्यनारायणाची वीस पानं व्हायची होती. बाईंनी नवऱ्याला हाक मारली, "अहो, एवढं बटण दाबा."

त्र्यंबकरावांनी दाबलं. शेगडी पेटली, पण पेटवणारा हटला की ती विझायची. मग त्र्यंबकराव आमटीला जुंपले गेले आणि रिकाम्या झालेल्या बाईंना जाऊबाईंनी दवाखान्यात नेलं. दुपारीच डॉक्टरांनी त्यांची तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी केली. ते म्हणाले, "उशीर झाला असता तर संध्याकाळ दिसली नसती."

महिन्याने बाईंना स्वयंपाकाची परवानगी मिळाली. त्र्यंबकराव भाजी आणायला गेल्यावर त्यांनी हळूच बटणाला बोट लावलं. शेगडी झटकन पेटली. "बाई, हृदय ठणठणीत!"

तेवढ्यात दाराशी त्र्यंबकरावांची चाहूल लागली. बाईंनी घाईघाईने ती बंद केली.

"हळू बोल गं, बये! ह्यांना आत्ता कुठे आमटी जमायला लागलीय."