चाळा

मी शिवणकाम करते. मशीनच्या खडखडाटातही लेक गाढ झोपायची, तेव्हा मी कौतुकाने सांगायचे, "गुणाची आहे हो पोर!" तिला ऐकूच येत नाही, हे कळायला दीड वर्ष गेलं. मग "आई म्हण, आई म्हण" करत तिच्या मागे लागले. ती मात्र माझ्याकडे बघून नुसती मूठ हवेत गोल फिरवायची. हातवाऱ्यांवरच भागलं तर ही बोलणार कधी, म्हणून मी तिचे हात धरून ठेवायचे. एकदा फटकाही दिला. आज तिच्या शाळेतल्या बाई घरी आल्या. "हा चाळा कसा सोडवू?" मी मूठ फिरवून विचारलं. बाईंची नजर मशीनच्या हाताने फिरवायच्या चाकावर गेली. "अहो, चाळा कसला? 'आई'च म्हणतेय की ती!" मी लेकीसमोर बसले, मूठ हवेत गोल फिरवली. तिने टक लावून पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले.