तीनशे बारा नंबरची कवळी

साच्याच्या टाळूवरून अंगठा फिरवताना धाकटा थबकला. हाडाचा उंचवटा. मधोमध चीर, उजवीकडचा भाग जरा मोठा. त्याने साचा टेबलावर ठेवला आणि जीभ स्वतःच्या टाळूला लावली. तोच उंचवटा, तीच चीर.

कवळ्या बनवण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती. दवाखान्यांतून मापं यायची, तो त्यांत प्लास्टर ओतायचा, मेणात दात बसवायचा. माणूस कधी दिसायचा नाही. चिठ्ठीवर नुसता नंबर, आज तीनशे बारा. टाळूला असा उंचवटा असला की साच्यावर तिथे पातळ पत्रा चिकटवायचा, म्हणजे तयार कवळी डुगडुगत नाही. तसे उंचवटे त्याने शेकडो पाहिले होते. या ठेवणीचा मात्र फक्त घरातच. काम शिकताना सरावासाठी त्याने सगळ्यांच्या तोंडाची मापं घेतली होती. वडील, दादा, तो स्वतः, तिघांच्या टाळू हुबेहूब. आईसमोर साचे मांडून त्याने फुशारकी मारली होती, "एक वेळ चेहरा विसरेन, पण टाळू नाही विसरणार."

"आणि माझी रे?"

"तुझी सपाट आहे."

"चला, एक तरी माणूस या घरात सरळ निघाला," आई म्हणाली होती.

वडील जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. म्हणजे हा दादाच.

त्या वेळी वडिलांच्या उशाशी बसायची पाळी दादाची होती. पहाटे त्याचा डोळा लागला आणि तेवढ्यात वडिलांचा श्वास थांबला. धाकट्याने चारचौघांत त्याला सुनावलं, "पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर येऊ नकोस. आईची शपथ आहे तुला." दादा त्याच दिवशी घर सोडून गेला.  दर आठवड्याची प्रार्थना आईने कधी चुकवली नाही. गुडघे धरून जिना उतरायची, पण जायची.

"एवढं काय मागतेस देवाकडे?" त्याने एकदा विचारलं होतं.

"मागत नाही. आभार मानते."

"कशाबद्दल?"

"आहे त्याबद्दल."

सहा आठवड्यांपूर्वी ती गेली. शेवटच्या दिवशी त्याचा हात धरून म्हणाली, "देवाचे आभार मान, बाळा. दोन लेकरं दिली, दोन्ही डोळ्यांसमोर राहिली." अंगात ताप होता. तिला भ्रम झालाय असं समजून तो वैतागला. "दोन कुठली? मी एकटाच आहे इथे." तिने मान भिंतीकडे वळवली. त्यानंतर ती बोललीच नाही. 

दोन दिवसांच्या कामाला त्याने चार दिवस लावले. मग माप पाठवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. "तीनशे बाराला दात बसवताना मी येतो. रंग बघायचाय."

"तुम्ही? आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा!"

खुर्चीतला माणूस गाल बसल्यामुळे थेट वडिलांसारखा दिसत होता. धाकट्याला पाहताच तो चटकन उठू लागला.

"मी जातो." दात नसल्याने शब्द मऊ, ओले पडत होते. "शपथ आहे मला."

"बस, दादा. आ कर."

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि फोन आल्यासारखं करून त्या बाहेर गेल्या. धाकट्याने हात धुतले, हातमोजे चढवले, कवळी पाण्यात बुडवून वर बसवली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरली. दादाचा गरम श्वास त्याच्या मनगटावर येत होता.

"टोचतंय?"

दादाने मान हलवली. नाही.

"आई गेली," अंगठे काढत धाकटा म्हणाला.

"ठाऊक आहे. फाटकाबाहेर उभा होतो. तू दारातच होतास. आत कसा येणार?"

"एकोणीस वर्षं तिला तुझं तोंड दिसलं नाही रे."

"दर आठवड्याला दिसायचो. प्रार्थनेला शेजारी बसायचो आम्ही. ती डोळे मिटायची, मी तिच्याकडे बघत राहायचो. तुला सांगायचं नाही, असं देवासमोर वदवून घेतलं होतं मी तिच्याकडून. तिने शब्द पाळला."

धाकटा स्टुलावर बसला. तिला भ्रम झालाच नव्हता. ती शुद्धीवर होती, आणि त्याने तिला खोटं ठरवलं होतं. हातमोजे काढायचं राहून गेलं, तशाच हातांनी त्याने तोंड झाकलं. 

"तू इथे कसा आलास?" शेवटी त्याने विचारलं. "इथल्या सगळ्या कवळ्या माझ्याकडे येतात."

"ते मला आत्ता कळतंय. माहीत असतं तर आलोच नसतो." दादा नव्या दातांवर अडखळत होता. "माझ्या घराखालीच एक दवाखाना आहे. पण तीन महिन्यांपूर्वी दात काढायचं ठरलं, तेव्हा आई हट्टालाच पेटली. दोन बस बदलून, धापा टाकत, मला इथे घेऊन आली. मी विचारलं, इतक्या लांब कशाला? तर म्हणाली, 'देवाचे आभार मी आधीच मानून ठेवलेत. तू फक्त तोंड उघड.'"